बिनमाणसाचा माळा

अण्णा, तू गेल्याचं मला रेडिओवर कळलं, आणि मी विचारलं, "कुठं?"

यात माझी फारशी चूक नाही. सतीश, किनाऱ्यावरच्या आमच्या कंट्रोल रूममधला ऑपरेटर, उदगीरचा आहे, माझ्याशी मराठीतच बोलतो. त्यानं सरळ सांगितलं होतं, "मॅडम, तुमचे अण्णा गेले." पण आपल्या घरात 'आला' आणि 'गेला' हे शब्द तू विजेच्या करंटासाठी राखून ठेवले होतेस. माणूस गेला म्हटलं की पुढं कुठं ते यायलाच हवं. आळंदला गेला, शेताकडं गेला. मी समुद्रातल्या त्या प्लॅटफॉर्मवर गुडघे टेकून सोलर पॅनलवरची पाखरांची घाण घासत होते. ब्रश खाली न ठेवताच विचारलं, "कुठं गेला? कलबुर्गीला?" पलीकडं नुसती खरखर. मग सतीश म्हणाला, "मॅडम, वारले. दुकानातच. सकाळी." तेव्हा कुठं मला मराठी कळलं.

त्यानंतर चार तास मी तिथंच होते. लाटा उठल्या होत्या, बोट शिडीला लागत नव्हती. बरोबर आलेले दोघं टेक्निशियन मला बसा म्हणत होते आणि तिथं बसायला जागा नव्हती. आराखड्यात एक बाकडं होतं, ते मीच काढायला लावलं होतं. माणूस राहणारच नाही तर बाकडं कशाला, असं मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं होतं. मग मी पुन्हा ब्रश उचलला आणि उरलेली पॅनलं घासली. दुसरं काय करायचं ते सुचेना. तुला इकडं माती देत होते तेव्हा मी किनाऱ्यावरून स्टेशनकडं निघालेल्या गाडीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गावी, सीमेवरच्या खजुरीत पोचले. ओट्याखाली पुष्कळ चपला होत्या. त्यात मी तुझी जोडी शोधली.

आज नववा दिवस आहे. मी तुझ्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात, तुझ्या टेबलावर बसून हे लिहितेय, कारण घरात माणसं आहेत आणि माझ्यानं एका जागी बसवत नाही. इथंही बसवत नाही. टेबलावर कडगंचीच्या कुणाची तरी पाण्याची मोटार गुंडाळी अर्धी भरून पडली आहे. तांब्याची तार लोंबतेय. त्यानं काल फोन करून विचारलं, कधी मिळेल, आणि मग त्यालाच कसंतरी झालं. मी म्हटलं, बघते. काय बघणार? मी इंजिनियर आहे, मोटार भरायला मला येत नाही. तू शिकवतो म्हणायचास आणि मी घड्याळ बघायचे.

तुझ्याशी भांडायचं आहे. एक गोष्ट आपण दोघांनी बावीस वर्षं दाबून ठेवली होती. तू गेल्यावर चौथ्या दिवशी ती मी वैनीला सांगून टाकली. तू नको म्हणाला होतास. बरं केलं की वाईट केलं हे तुझ्याशी तावातावानं बोलून ठरवायला हवं, आणि तू ऐन वेळी नाहीस. याचा मला राग आला आहे, अण्णा. रडू नंतर येतं, आधी रागच येतो.

आधी त्या प्लॅटफॉर्मचं बोलू, कारण आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. तुला तो तोंडपाठ होता, तरी दर फोनला तू नव्यानं विचारायचास. मी पण न कंटाळता सांगायचे. पूर्वेच्या समुद्रात, किनाऱ्यावरून दिसत नाही इतक्या आत, तीन पायांवर उभा एक छोटासा लोखंडी सांगाडा. खाली समुद्राच्या तळात गॅसच्या तीन विहिरी. गॅस स्वतःच्या जोरानं वर येतो आणि तळावरच्या पाईपातून किनाऱ्याला जातो. त्याला ढकलायला यंत्र लागत नाही. वीज लागते ती फक्त झडपा हलवायला, दाब मोजायला आणि ते आकडे रेडिओनं किनाऱ्यावर पाठवायला. तेवढी वीज सोलर पॅनलं आणि दोन लहान पवनचक्क्या तयार करतात, बॅटरीत साठते. जनरेटर नाही, डिझेल नाही, हेलिकॉप्टर उतरायची जागा नाही, खोल्या नाहीत, स्वयंपाकघर नाही. बॅटरी उतरली की झडपा आपोआप मिटतात. पहिल्यांदा हे ऐकलंस तेव्हा तू विचारलंस, एकूण वीज किती लागते? मी सांगितलं तर तू हसायला लागलास.

"म्हंजे माझ्या दुकानाएवढी बी न्हाई. येवढ्यासाठी तुला येवढं शिकवलं व्हय?"

"विहिरी आहेत" म्हटल्यावर तर तुला तो प्रकल्प आपल्या घरातलाच वाटायला लागला. विहीर आहे, वीज आहे, तार आहे, मग राहिलं काय. प्लॅटफॉर्म हा शब्द तुला आवडला नाही. रेल्वेचा वाटतो म्हणालास. तू त्याला माळा म्हणायला लागलास. जोंधळ्याच्या रानात चार दांडक्यांवर पाखरं राखायला बांधतात तो माळा. मी सतीशलाही ते सांगितलं आणि आता कंट्रोल रूममध्ये सगळेच त्याला माळा म्हणतात. तेलुगू पोरंसुद्धा म्हणतात.

पहिल्या वर्षीच पाखरांनी पॅनलं पांढरी करून टाकली. वीज घसरायला लागली. आम्ही खिळे लावले, चकचकीत पट्ट्या बांधल्या, पॅनलं उभी केली. पाखरं नवीन जागा शोधायची. शेवटी दर काही आठवड्यांनी बोटीनं जाऊन ब्रशनं घासणं आलं, आणि ते काम बघायला मी जायला लागले. तुला हे कळल्यावर तुला झालेला आनंद मी विसरणार नाही.

"माळ्यावर माणूस न्हाई म्हणल्यावर पाखरं बसणारच की. त्यांना काय, कुणी गोफण मारायला न्हाई."

"अण्णा, वर्षभर माणसं ठेवायची तर त्यांना खोल्या लागतात, पाणी लागतं, डॉक्टर लागतो. सगळा खर्च आणि धोका माणसांचाच असतो. माणूस काढला की धोका निघतो."

"मंग तू कामून जायलीस?"

यावर मी विषय बदलायचे.

खरं उत्तर तुला माहीत होतं. इथं ते लिहिते, म्हणजे मला परत मागं घेता येणार नाही.

मी थर्ड इयरला होते, इलेक्ट्रिकल, कलबुर्गीत. दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. डांबावरून, म्हणजे विजेच्या खांबावरून, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीकडं येणारी तार तडकली होती, ती जोडायला तू डांबाखाली बसला होतास. शेतीचा करंट तेव्हा नव्हता. फ्यूज काढून बसायला हवं होतंस. आपल्याकडं कोण काढतं, करंट नाही म्हटलं की सगळे तसेच बसतात. मी पेटीपाशी, झाडाच्या सावलीत. मध्ये तुरीचं रान, डोक्याएवढं. शेजारच्या शेतातली नागम्मा पाणी प्यायला आली होती आणि मी तिच्याशी कन्नडमध्ये बोलत होते, तिच्या लेकीच्या सोयरिकीचं. तुरीपलीकडून तू ओरडलास, "विजे, करंट हाय का ग?" नेमका त्याच क्षणी पेटीवरचा दिवा लागला. मी वळून ओरडले, "बंदद, अण्णा."

कन्नडमध्ये 'बंदद' म्हणजे आलाय. जीभ कन्नडमध्ये चालू होती, तीच पुढं धावली. वारा होता, शेवटचा 'द' त्यात गेला असेल. तू 'बंद' ऐकलंस आणि तार धरलीस.

तुझा आवाज आलाच नाही. नागम्मा माझ्याआधी धावली. तिनं वाळलेल्या लाकडानं तार उडवली म्हणून तू वाचलास. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मला इलेक्ट्रिकलमध्ये किती मार्क होते हे तू साऱ्या गावाला सांगितलं होतंस.

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्धीवर आलास ते कण्हत, आणि पहिलं वाक्य बोललास ते असं, "तू काय म्हणलीस ते कुणाला सांगायचं न्हाई. नागम्मालाबी सांगून ठिव." मी रडत होते. तू चिडलास. "कामून रडायलीस? अप्पाला कळलं तर तुझी हॉस्टेलातली पेटी उद्या घरी येईल." ते खरं होतं. अप्पांनी मला इंजिनियरिंगला पाठवलं ते तू आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरलास म्हणून. करंट शिकायला पाठवलेल्या पोरीनंच करंटाचा निरोप चुकवला हे कळलं असतं, तर माझं लग्न त्याच वर्षी उरकलं असतं.

म्हणून तू गोष्ट रचलीस. रस्त्यानं कुणीतरी कन्नडमध्ये 'बंदद' म्हणत चाललं होतं, तू ते मराठीत 'बंद' असं ऐकलंस, चूक तुझ्याच कानाची. लोकांना ही गोष्ट अपघातापेक्षा जास्त आवडली. आपल्या खजुरीत लेकरू दोन्ही भाषांत हट्ट करतं. बायका भाकरी मराठीत थापतात आणि भांडण कन्नडमध्ये काढतात, आणि बाजारात दोन्ही सोडून दखनी उर्दूत घासाघीस करतात. त्या गावात एका मेकॅनिकला 'बंद' आणि 'बंदद' यातला फरक कळला नाही. तुझं नाव मल्लिनाथ होतं हे नवीन पोरांना ठाऊकही नसेल. तू बंदअण्णा झालास. बाहेरगावचं कुणी एसटीतून उतरून बंदअण्णाचं दुकान विचारायचं आणि कुणीतरी चेष्टेनं सांगायचं की आज बंद आहे, मग बिचारा मोटार घेऊन परत जायचा. तूही हसायचास. तुला एवढं कसं हसू यायचं, हे मला आजही समजत नाही.

आणि वैनी. गौरावैनी तेव्हा लग्न होऊन आलेली, उदगीरकडची, कन्नड इथं येऊन शिकलेली. तिनं तर तुला सोडलंच नाही. "मी बाहेरची असून मला कळतंय, अन् ह्यांना कळंना." प्रत्येक गोष्ट तुला दोनदा सांगायची तिला सवय लागली. दुसऱ्यांदा मोठ्यानं. पाहुण्यांसमोर म्हणायची, "जरा मोठ्यानं बोला, आमच्याकडं कानाचा कारखाना बिघडलाय." तुझे कान माझ्याहून तिखट होते. मोटारीचा नुसता आवाज ऐकून तू सांगायचास कुठलं बेअरिंग गेलंय.

मी तुला तीनदा सांगायचा प्रयत्न केला की पुरे झालं. पहिल्यांदा नोकरी लागली तेव्हा. तू म्हणालास, आता कशाला, लोक विसरले. विसरले नव्हते. दुसऱ्यांदा अप्पा गेले तेव्हा. आता भीती कुणाची, असं मी म्हणाले. तू तीन बोटांनी तार गुंडाळत होतास. म्हणालास, "आता सांगितलं तर लोक म्हणतील बहिणीला वाचवायला खोटं बोलायलाय." नागम्मा चार वर्षांपूर्वी वारली. मग आपण दोघंच उरलो ज्यांना हे माहीत होतं.

तिसऱ्यांदा म्हणणार होते, तू माझ्याकडं आलास तेव्हा. कंट्रोल रूम बघायला. मी तुला माझ्या खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर माळा दाखवला. तीन विहिरी, बॅटरी, दोन चक्क्या, सगळं हिरवं. तू पडद्यावर बोट टेकवलंस.

"तिथं आता कोण हाय?"

"कुणी नाही."

"अन् सगळं बराबर चालायलंय?"

"हो."

"बरं वाटायलंय तुला, व्हय?"

मी हो म्हणाले. मला वाटलं तू कौतुक करतोयस.

त्याच भिंतीवर एक कागद होता, कामाच्या नियमांचा, इंग्रजीत. त्यातला एक नियम मी लिहिलेला. रेडिओवर कुणीही 'बंद' हा शब्द वापरायचा नाही. आमच्याकडं तेलुगू आहेत, हिंदीवाले आहेत, रायचूरचे दोघं कन्नड बोलणारे आहेत. करंट आला, करंट गेला, झडप उघडली, झडप मिटली, एवढेच शब्द. हा नियम तुझ्या दुकानातला होता. तू तो तुझ्या माणसांना घालून दिला होतास आणि मी तो उचलून समुद्रावर नेला. खाली उदाहरण दिलं होतं. तू म्हणालास, वाचून दाखव. मी मराठी करत वाचलं, "एका गावात दुरुस्ती करणाऱ्या कामगारानं निरोप चुकीचा ऐकला आणि त्याला कायमची इजा झाली."

वाचता वाचता माझा आवाज बारीक झाला. मी तो कागद लिहिला तेव्हा खोटं लिहितेय असं मला वाटलंही नव्हतं, अण्णा. ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली होती की मलाही ती तशीच घडल्यासारखी वाटायला लागली होती. तू मान हलवलीस. "बराबर लिव्हलीस," म्हणालास, आणि सतीशला विचारलंस की इथं चहा कुठं मिळतो. तू रागावला असतास तर मी त्या दिवशी पाय धरले असते. तू चहात बिस्किट बुडवून खाल्लंस.

मग गेल्या महिन्यातला फोन. मी सांगत होते की दुसरा माळाही मंजूर झालाय, पहिल्यापेक्षा लहान, त्यावर तर वर्षात दोनदाच जावं लागेल. तू पुन्हा तेच काढलंस, माणूस पाहिजे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "नको माणूस. तिथं कुणी ओरडत नाही, कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून मला ती जागा आवडते." तू हळू आवाजात म्हणालास, "विजे, तू अजून त्या पेटीपाशीच उभी हायस बग."

मी फोन ठेवला. पुढं पंधरा दिवस केला नाही. तूही केला नाहीस. करशील असं वाटत होतं. तू नेहमी आधी करायचास.

आता वैनीचं. त्या सकाळी काय झालं ते ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. तू नेहमीसारखा लवकर दुकानात येऊन बसलास. तिनं घरातून हाक मारली, चहा झालाय. ओ आली नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं मारली. तिसऱ्यांदा वैतागून म्हणाली, "बंदअण्णा, ऐकू येतंय का?" आणि बहिऱ्याला किती हाका मारायच्या म्हणत भांडी घासायला बसली. भांडी झाल्यावर कप घेऊन आली तर तू टेबलावर डोकं टेकलेलं. "मला वाटलं ऐकू आलं न्हाई," ती प्रत्येक बाईला सांगायची. "त्यांना पहिल्यापासून ऐकू कमीच यायचं नं." बायका मान हलवायच्या. आले त्या दुपारी ऐकलं, रात्री पुन्हा ऐकलं. तिसऱ्या दिवशी मी उठून शेतात गेले. चौथ्या दिवशी आम्ही दोघीच होतो, ती डाळ निवडत होती आणि तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी कुणालाच नाही, स्वतःलाच. मला सहन झालं नाही.

"वैनी, अण्णाला ऐकू येत होतं."

आणि मग सगळंच सांगितलं. दिवा लागला तो, नागम्मा, मी काय ओरडले, जीपमधलं तुझं बोलणं. मला वाटलं होतं ती मला मारेल, किंवा जवळ घेईल. दोन्हींची मी तयारी केली होती. तिनं परात बाजूला ठेवली. मूठभर डाळ तिच्या हातातच राहिली.

"बावीस वर्षं मी त्यांना बहिरा म्हणले," ती म्हणाली. "चारचौघांत म्हणले. त्या सकाळी बी म्हणले."

"तुला माहीत नव्हतं, वैनी."

"तू आता सांगून मोकळी झालीस. मी कुणाला सांगू?"

ती उठून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. चार दिवस. मला वाटत राहिलं की तू गप्प राहायला सांगितलंस ते माझ्यासाठीच नव्हतं. तिच्या हसण्याचं पुढं काय होईल हे तुला आधीच कळलं असेल. पण मग तू तिला तरी का सांगितलं नाहीस? तुम्ही दोघं एका घरात राहिलात. सांगून दोघं मिळून मला शिव्या घातल्या असत्या तर काय बिघडलं असतं? सांग ना. हेच मला तुझ्याशी बोलायचं होतं आणि तू तिकडं निवांत आहेस.

काल मी सतीशला फोन करून तो कागद भिंतीवरून काढायला लावला. नवीन वाक्य सांगितलं. निरोप देणाऱ्या व्यक्तीनं रोजची भाषा बदलून निरोप दिला, ऐकणाऱ्याची चूक नव्हती. सतीशनं विचारलं, "मॅडम, निरोप देणारी व्यक्ती कोण, माहीत आहे का?" मी म्हणाले, मी. त्यानं तसंच लिहून घेतलं. माळ्यावर एक बाकडंही बसवून घेणार आहे. माणूस नाही ठेवणार, तेवढं मी अजून मान्य करत नाही. फक्त बाकडं.

हे लिहायला बसले ते आज सकाळी जे झालं त्यामुळं. ऊन चढायच्या आधी वैनी माझ्या खोलीच्या दारात आली. डोक्यावर पदर, पायात चपला. "चल," म्हणाली. एवढाच शब्द. मी निघाले. शेतापर्यंत ती पुढं, मी मागं. औंदाही तूरच आहे तिथं. फुलावर आली आहे. पेटी आता पत्र्याच्या खोलीत आहे, झाड तोडलंय, डांब मात्र तोच. तिनं मला विचारलं, तू कुठं उभी होतीस. मी दाखवलं. "तिथं उभी रहा," म्हणाली आणि तुरीतून वाट काढत डांबाकडं गेली. थोड्या वेळानं ती मला दिसेनाशी झाली.

तुरीपलीकडून तिचा आवाज आला. "विजे, करंट हाय का ग?"

मी पेटीवरचा दिवा शोधायला वळले. ती पुन्हा ओरडली, तेच शब्द. मी 'बंदद' म्हणाले पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"त्या दिवशी म्हणलीस तसं म्हण."

मग मी ओरडले. सगळा जीव एकवटून ओरडले, "बंदद, अण्णा." गावापर्यंत गेलं असेल. पलीकडं काहीच हालचाल नाही. वारा तुरीवरून जात होता. मला वाटलं ती तिथंच बसली असेल, मी जायला हवं, पण जाता येईना. मग तूर हलली आणि ती बाहेर आली. पदराला, केसांना फुलं चिकटलेली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"मला बी 'बंद'च ऐकू आलं," ती म्हणाली.

"वैनी, मी बंदद म्हणाले."

"ठावं हाय की. तू काय म्हणणार ते ठावं असून, कान लावून उभी होते मी." तिनं माझा हात धरला. "तुझा आवाज म्हणल्यावर मी मराठीच ऐकले. त्यांनी बी तेच केलं असंल."